गेट तेवढं राहिलंय

भाऊंच्या कार्डावर सगळ्यात वर काळूबाई, तिच्या खाली भाऊ, आणि भाऊंच्या खाली त्यांची कामं छापली आहेत: तार कंपाउंड, चेनलिंक जाळी, सिमेंट पोल, प्रीकास्ट भिंत, पत्रा शेड, गेट, जेसीबी, मुरूम भराव, विहिरीतला गाळ काढणे, शूटिंगसाठी तात्पुरतं कुंपण. कार्ड उलटलं की मागे मोठ्या अक्षरांत एवढंच आहे: ‘जागा घेणे-देणे’. लोक पुढची बाजू वाचतात आणि कार्ड पाकिटात टाकतात. भाऊंना ओळखायचं असेल तर मागची बाजू आधी वाचावी.

पुण्याहून निघून खंबाटकीचा घाट ओलांडला आणि सुरूर फाट्याला आत वळलं, की वाईपासून मेणवली-धोमपर्यंत दर दोन गावांआड एक भाऊ सापडतात. कुठे ते अण्णा असतात, कुठे तात्या, कुठे नुसतेच शेठ. मुळशीला आहेत, भोरला आहेत, अलिबागला तर विचारूच नका. जिथे शहरातला माणूस गुंठ्यावर जमीन घेतो, तिथे त्यांचं चालतं. कारण जमीन घेतलेला शहरी माणूस झाड लावायच्या आधी, पाण्याची चौकशी करायच्या आधी, कधीकधी तर खरेदीखताच्या झेरॉक्स निघायच्या आधी एकच प्रश्न विचारतो, “इथे कंपाउंड कोण करतं?” जन्मभर दुसऱ्याच्या भिंतीला भिंत लावून राहिलेल्या माणसाला चारी बाजूंनी मोकळी जागा मिळाली, की आनंद व्हायच्या आधी त्याला धास्ती वाटते. त्या धास्तीचा रनिंग फुटाचा दर भाऊंना तोंडपाठ असतो.

भाऊ पंचेचाळिशीचे. धंद्यात सिमेंट आहे, मुरूम आहे, गंज आहे, ग्रीस आहे. पांढऱ्या शर्टावर यातलं काही कधी दिसलेलं नाही. खिशात दोन फोन. एक ज्यांच्याकडून पैसे यायचेत त्यांचा, दुसरा ज्यांना काहीतरी द्यायचंय त्यांचा. दुसरा बहुतेक वेळ चार्जिंगला असतो. आपण पहिल्या फोनवरून दुसऱ्या फोनवर कधी सरकलो ते गिऱ्हाइकाला कळत नाही. निरीक्षण असं आहे, की निम्म्याहून जास्त पैसे दिले की सरकतो.

स्वतःला ते कॉन्ट्रॅक्टर म्हणवून घेत नाहीत. “आपण काय कॉन्ट्रॅक्टर न्हाय साहेब, आपण गावचं माणूस.” या एका वाक्याने ते दोन गोष्टी उरकतात. कॉन्ट्रॅक्टर नाही, म्हणजे लेखी कोटेशन, पावती, जीएसटी वगैरे शहरी शब्द काढायचे नाहीत. आणि गावचं माणूस, म्हणजे तुमच्या शेजारच्या बांधकऱ्याला आम्ही ओळखतो, तुम्ही ओळखत नाही. पहिली गोष्ट गिऱ्हाइकाला खटकते. दुसरीचं मोल त्याला फार उशिरा कळतं.

भाऊंच्या घरची ओढ्याकडेला जमीन होती. खाली हळद, मध्ये ऊस, वरच्या अंगाला ज्वारी. वाटण्या झाल्या. एका चुलत्याने आपला तुकडा विकला, त्यावर प्लॉटिंगवाल्याने रंगीत झेंडे रोवले, आणि मग बाकीच्यांचाही धीर सुटला. भाऊंनी आपल्या वाट्याचं बरंचसं विकलं. त्यात घराला स्लॅब पडला, बहिणीचं लग्न झालं, एक पिकअप आली. पैसे संपत आले तेव्हा त्यांच्या एक गोष्ट ध्यानात आली: जमीन एकदाच विकता येते, तिच्या कडा मात्र विकत राहता येतात. हिशेब करून बघा. चौरस एकराला चारी बाजूंनी मिळून साधारण ८३५ फूट कुंपण लागतं. त्याच एकराचे दहा-दहा गुंठ्यांचे चार चौरस पाडले आणि प्रत्येकाने आपापल्या चारी बाजू घेतल्या, की १६७० फूट. शेत नाहीसं झालं, कुंपण दुप्पट झालं. जमिनीचे तुकडे पडू नयेत म्हणून सरकारने १९४७ साली कायदा केला. भाऊंची चूल पेटते ती तुकडे पडतात म्हणून. या तात्त्विक मुद्द्यात ते शिरत नाहीत. “एन.ए. हाय ना साहेब? मग झालं तर.”

तर हे भाऊ तुमच्या प्लॉटवर येतात. पिकअपमध्ये पन्नास मीटरची टेप असते. ती बाहेर निघत नाही. भाऊ हात मागे बांधून हद्दीवरून चालतात. “आपलं पाऊल अडीच फुटाचं. टेप ताणली का चुकती, पाऊल चुकत न्हाय.” आणि खरोखर, बिलाच्या वेळी टेप लावली तर फार फरक निघत नाही. जो निघतो तो भाऊंच्या बाजूने निघतो, पण फार निघत नाही.

चालता चालता ते प्लॉटचा आकार बघत असतात. तुम्हाला दहा गुंठे म्हणजे दहा गुंठे. भाऊंना तसं नाही. गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. दहा गुंठे चौरस असतील तर साधारण ४१७ फूट जाळी लागते. तेच दहा गुंठे रस्त्याला ३३ फूट आणि आत ३३० फूट असे पट्टीसारखे असतील, तर ७२६ फूट. जमीन तेवढीच, खर्च पावणेदोन पट. असा लांबडा प्लॉट दिसला की भाऊंना निसर्ग आवडायला लागतो. “काय जागा घेतलीया साहेब! नजर पुरत न्हाय.” हे लांबडे प्लॉट गिऱ्हाइकांना कोण विकतं, यासाठी कार्डाची मागची बाजू.

मग गेजचा विषय निघतो. जाळीच्या तारेची जाडी गेजमध्ये मोजतात आणि तिचं गणित उलटं आहे: आकडा वाढला की तार बारीक होते. १० गेजची तार सव्वातीन मिलिमीटरची, १२ गेजची २.६ च्या आसपास. डोळ्यांना फरक दिसत नाही, पण लोखंड एक तृतीयांशाने कमी भरतं. भाऊ या बाबतीत अक्षरही खोटं बोलत नाहीत. ते एवढंच म्हणतात, “त्या अमक्यानं तुमच्या शेजाऱ्याला १० दिलंय. आपण तुमाला १२ देतो, त्याच पैशात.” पुढचं काम गिऱ्हाइकाची कल्पनाशक्ती करते. आमच्या प्लॉटच्या ओळीत एक निवृत्त बँक अधिकारी आहेत. त्यांनी शांतपणे विचारलं, “बंडलाचं वजन किती भरतं?” भाऊंनी त्यांच्याकडे नीट निरखून पाहिलं, खिशातल्या कागदावरचा १२ खोडून १० केला, आणि त्या दिवसापासून त्यांना साहेब म्हणायचं सोडून ‘सर’ म्हणायला लागले. बाकी आम्ही सगळे अजून साहेबच आहोत.

बायकामंडळींशी त्यांचं वेगळंच. गेजचा मुद्दा तापला की ते वहिनींकडे वळतात. “वैनी, रस्त्याच्या अंगानं बोगनवेल लावून देतो. फुकाट. दोन वर्सांत जाळी दिसायची न्हाय.” वहिनी खूश. जाळी दोन वर्षांत दिसणार नाही म्हटल्यावर तिचं गेज विचारणारा नवरा घरात एकटा पडतो.

सिमेंटचा पोल सात फुटी असतो. त्यातला दीड ते दोन फूट जमिनीत जावा असा नियम. भाऊंच्या कामावर या नियमाला खडक आडवा येतो. पोरं पहारीने खड्डा घ्यायला लागतात, जेमतेम फूटभर जातात आणि ओरडतात, “भाऊ, खडक लागला!” वाईच्या पट्ट्यात मुरुमाखाली खडक आहे यात वाद नाही, पण तो इतका शिस्तीचा, दर आठ फुटांवर बरोब्बर एका फुटाच्या खाली हजर, असं भूगर्भशास्त्रात कुठे वाचलेलं आठवत नाही. गिऱ्हाईक खड्ड्यात वाकून बघायला लागलं की भाऊ म्हणतात, “उंची वाढली की साहेब, तुमचाच फायदा. वर दिसतंय ते तुमचं, खाली हाय ते आमच्या इमानाचं.” या इमानात थोडी खडी, थोडी वाळू आणि वहिनी चहा टाकायला आत गेल्या असतील तर त्याहून थोडं सिमेंट असतं. काँक्रीटला आठवडाभर पाणी मारायला हवं हे त्यांना ठाऊक असतं. ते काम तुमच्यावर सोपवून ते जातात आणि दुसऱ्या दिवशी जाळी ताणायला येतात.

मात्र जाळी ताणायला लागली की मी टीका बंद करतो. ते बघण्यासारखं असतं. भाऊंकडे एक पोरगा आहे, विशीचा, बोलतो कमी. बंडल उभं करून उलगडत नेणं, टोकाला अँगल ओवून दोघांनी ओढणं, पोलच्या मागून बाइंडिंगची तार घेऊन पकडीने दोन पीळ देऊन तोडणं, हे कुणीही करेल. गंमत येते ती एक बंडल संपून दुसरं जोडताना. तिथे गाठी मारायच्या नसतात. हा पोरगा जाळीच्या कडेची एकच नागमोडी तार पकडीने फिरवत फिरवत बाहेर काढतो, दोन बंडलांच्या कडा शेजारी आणतो, आणि तीच तार वरून दोन्हींच्या डोळ्यांत घालून पुन्हा फिरवायला लागतो. तार आपली आपण एका जाळीतून दुसऱ्या जाळीत पीळ घेत खाली उतरते, घर न चुकवता, आणि जमिनीला टेकते तेव्हा सांधा कुठे होता ते दाखवता येत नाही. पोरगा दोन्ही टोकं वाकवतो, पकड मागच्या खिशात खोचतो, तंबाखू मळतो. भाऊ लांबून बघत असतात. त्यांच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे असतं ते बिल करताना नसतं.

पण इथपर्यंत पोचायला माल यावा लागतो, आणि माल हा भाऊंच्या जीवनातला सगळ्यात मोठा प्रवासी आहे. तो कधीही ‘आलेला’ नसतो आणि कधीही ‘यायचाय’ असंही नसतं. तो निघालेला असतो. “माल निघालाय साहेब.” दुपारी तो शिरवळला असतो. संध्याकाळी खंबाटकीत ट्रॅफिकला लागलेला असतो. दुसऱ्या दिवशी सकाळी विचारलं तर पुन्हा शिरवळला असतो. हा उलटा प्रवास कसा घडतो हे विचारायचं नसतं. माल आला की पोरं नसतात. पौषात मांढरदेवीची यात्रा, फाल्गुनात रंगपंचमीला बावधनचं बगाड, चैत्रात गावोगावच्या जत्रा, मग लग्नं, मग पाऊस, मग बेंदूर. “बगाडाला तुमीच या की साहेब, जेवायलाच या,” असं ते इतक्या प्रेमाने सांगतात, की काम बंद असल्याचा राग धरणाऱ्यालाच ओशाळं वाटतं. आमच्यातले काही जण गेलेही. पुरणपोळी उत्तम होती.

इथे जरा विषयांतर करतो. हिंदुस्थानात कुंपणाचं एक प्रचंड काम इंग्रज सरकारने काढलं होतं, तेही मिठासाठी. मिठावरचा कर चुकवून कुणी पलीकडे नेऊ नये म्हणून एकोणिसाव्या शतकात सिंधू नदीपासून मध्य हिंदुस्थानातून ओरिसाच्या बाजूला जकातीची एक रेघ आखली. वाटेत ती आपल्या खानदेशालगत बुऱ्हाणपुराशी टेकायची. सगळी मिळून तेवीसशे मैलांच्या घरातली. तिच्या बऱ्याच भागावर बाभूळ, बोर, करवंद, निवडुंग यांचं जिवंत कुंपण वाढवलं होतं आणि राखणीला बाराएक हजार माणसं ठेवली होती. १८६७ ते १८७० या काळात त्याचे मुख्य अधिकारी होते ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम. १८७९ साली सरकारनेच ती रेघ मोडली. ह्यूमसाहेब पुढे १८८५ साली काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे म्हणून इतिहासात गेले. कुंपणाच्या धंद्यातला माणूस राजकारणात जातो ही परंपरा तेव्हापासूनची आहे. भाऊ गेल्या ग्रामपंचायतीला उभे होते. थोडक्यात पडले. पुढच्या खेपेला पडणार नाहीत, कारण आता त्यांनी दोन्ही आळ्यांतल्या मंदिरांना जाळी मारून दिली आहे.

भाऊंची खरी किंमत कळते ती शेजारचे आजोबा बांधावर येऊन उभे राहतात तेव्हा. फक्की मारून झालेली असते, दोरी ताणलेली असते, पोरांनी पहिली पहार घातलेली असते, आणि आजोबा काठी टेकत येऊन म्हणतात, “हद्द हितं न्हाय.” एवढं बोलून ते बसतात. शहरी गिऱ्हाईक सातबारा काढतं. सातबाऱ्यावर क्षेत्र असतं, हद्दीची रेघ नसते, हे आजोबांना माहीत असतं. मग ते भूमी अभिलेखच्या मोजणीची ‘क’ प्रत काढतं. आजोबा ती हातात घेतात, उलटी धरतात, परत देतात. “कागूद तुमचा बराबर असंल. पण बांध हिकडं हुता.” गिऱ्हाइकाचा आवाज चढायला लागतो. ते ‘ट्रेसपास’ म्हणतं, पोलीस म्हणतं, माझा वकील मित्र म्हणतं.

या घटकेला भाऊ पुढे होतात. तेही बसतात, पांढऱ्या शर्टानिशी, बांधावर. आधी आजोबांच्या गुडघ्याची चौकशी होते. मग व्यालेल्या म्हशीची. मग कुणा भाच्याच्या सोयरिकीची. हद्दीचा शब्द अर्धा तास निघत नाही. निघतो तेव्हा कळतं, की आजोबांचं भांडण हद्दीशी नाहीच. जाळी अगदी रेघेवर आली तर त्यांचं औत शेवटच्या तासाला वळायचं कसं, आणि ट्रॅक्टर ओढ्याकडे न्यायचा कुठून, एवढाच त्यांचा सवाल आहे. तो ते सरळ विचारणार नाहीत. विचारला तर मागितल्यासारखं होतं. भाऊ उठून गिऱ्हाइकाला बाजूला नेतात. “साहेब, दीड फूट आत घ्या.”

गिऱ्हाईक मनात गुणाकार करतं. शंभर फुटाच्या बाजूला दीडशे चौरस फूट! कोथरूडला एवढ्यात एक खोली बसते!

भाऊंचा हिशेब वेगळा असतो. दहावीपर्यंत शिकलेला हा माणूस तिथे उभ्या उभ्या सांगतो, की जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली बांधावरून वाट मागता येते, आणि वहिवाटीची वाट अडवली तर मामलेदार कोर्टाचा १९०६ चा कायदा आहे. तहसीलदार स्वतः येऊन अडथळा काढायला लावतो. “मंग जाळी काढायची मजुरी तुमची, परत घालायची बी तुमची. आनि ती मी तुमच्याकडनं घेताना मलाच वाईट वाटंल.” शेवटचं वाक्य सोडलं तर बाकी सगळं कायद्याला धरून असतं. दोरी दीड फूट आत सरकते. आजोबा काठी टेकत उठतात आणि जाता जाता पोरांना सांगतात, “त्या कोपऱ्यात खोल घ्या रं, तितं माती भुसभुशीत हाय.” त्या कोपऱ्यातला खड्डा मात्र दोन फूट गेला. खडक लागला नाही.

हे दीड फूट भाऊंनी स्वतःच्या नफ्यासाठी सोडायला लावले असं म्हणणारेही आहेत. दीड फूट आत घेतलं तर जाळी वाढत नाही, उलट तीनेक फूट कमीच लागते. मला वाटतं, त्यांना तो बांध दिसतो. आम्हाला दिसते ती फक्की. चालता चालता ते मध्येच थांबतात आणि म्हणतात, “हितं आमची हळद आसायची.” सुरात तक्रार नसते, माहिती असते. तुमच्या ओट्याची जागा म्हणजे त्यांच्या आजीचं खळं असतं. स्वतःच्या बापाच्या शेताला दुसऱ्याच्या नावाने कुंपण घालायचं, वर त्याच्याकडूनच “काम वेळेत करा हो” असं ऐकून घ्यायचं, हे प्रत्येकाला जमणार नाही. भाऊंना जमतं, कारण ते वेळेत करत नाहीत.

आणि मग गेट. जाळी चारी बाजूंनी लागते, कोपऱ्यांना टेकू लागतात, वर काटेरी तारेच्या दोन लाइनी ओढल्या जातात, भाऊ नारळ फोडतात, फोटो काढतात, फोटो स्टेटसला लावतात. फोटोत गेटची बाजू नसते. “गेट तेवढं राहिलंय साहेब. फॅब्रिकेशनला टाकलंय.” गेट हे भाऊंच्या धंद्यातलं व्याज आहे. बाकी सगळं पूर्ण झाल्यामुळे गिऱ्हाइकाला भांडता येत नाही, आणि गेट नसल्यामुळे कुंपणाचा उपयोग होत नाही. चारशे फूट जाळीला वळसा घालायचे कष्ट कुणी घेत नाही. म्हशी बारा फुटांच्या मोकळ्या जागेतून सरळ आत येतात, तुमची आंब्याची रोपं खातात आणि आलेल्या वाटेने परत जातात. त्यांना हाकलायला आता उलट अवघड जातं, कारण त्या पळणार कुठून, चारी बाजूंनी जाळी आहे.

गेटच्या काळात भाऊ दुसऱ्या फोनवर असतात. कधीतरी उचलतात. गेट तयार असतं, कलर चाललेला असतो. नंतर समजतं की रेड ऑक्साइड झालंय, वरचा रंग वहिनींना विचारून करायचा म्हणून थांबलंय. वहिनींनी रंग सांगितलेला असतो. मग बिजागऱ्या. मग वेल्डिंगवाल्याच्या सासऱ्यांचं दुखणं. ते सासरे, मी चौकशी केली, ठणठणीत आहेत आणि गेल्या निवडणुकीत त्यांनी भाऊंच्या विरोधात प्रचार केला होता.

इतकं सगळं असून मी भाऊंच्या बाजूने का बोलतो, त्याचं कारण आमच्या ओळीतच आहे. ओढ्याच्या अंगाला ज्यांचा प्लॉट आहे त्यांना भिंतच हवी होती, प्रीकास्टची, घसघशीत. भिंतीत भाऊंना जाळीपेक्षा कितीतरी जास्त सुटले असते आणि कार्डावर ‘प्रीकास्ट भिंत’ छापलेलंच आहे. भाऊंनी काम नाकारलं. “त्या अंगाला भिंत उभी करू नका. पाऊस लागला का वरचं सगळं पानी हितनंच जातंय, आमच्या हळदीत शिरायचं. जाळी मारा, पानी जाईल.” गृहस्थांना हा गावंढळपणा वाटला. त्यांनी बाहेरून माणूस आणला, भिंत वेळेत उभी राहिली, गेटसकट. खाली पाणी जायला भोकं ठेवायची हे कुणाला सुचलं नाही. जुलैत दोन दिवस सलग लागून राहिलं, भिंतीमागे पाणी तुंबलं, आणि पहाटे सगळी भिंत आडवी झाली. शेजारी भाऊंची जाळी उभी होती. एक पोल कलला होता, तो खडक लागलेल्यांपैकी. पण पाणी जाळीतून वाहून गेलं होतं, आणि जाळीला अडकलेला पाचोळा काढायला भाऊ स्वतः आले होते. पैसे मागितले नाहीत. गेटचं विचारलं तेव्हा म्हणाले, “निघालंय.”

तेव्हा तुम्ही त्या बाजूला जागा घेतली असेल तर काम भाऊंनाच द्या. पावसाआधी कुंपण हवं असेल तर दिवाळीतच बोला. आधी मोजणी करून घ्या, जाळीचं गेज आणि बंडलाचं वजन कागदावर लिहून त्यावर त्यांची सही घ्या, पोल उभे राहताना स्वतः खड्ड्याशी थांबा, बांधावरचे आजोबा आले तर तोंड उघडू नका, भाऊ काय म्हणतात ते ऐका. आणि सगळ्यात महत्त्वाचं, गेटाचे पैसे गेट बिजागरीवर फिरून बंद झालेलं स्वतः बघितल्याशिवाय देऊ नका.